घटपर्णीच्या संकरित वाणांची घरगुती जोपासना

पुष्पप्रदर्शनातून किंवा शहरातील रोपवाटिकेतून घटपर्णीचे रोप घरी येते, तेव्हा त्याच्या पानांच्या टोकांना सहा-सात तांबूस घट लोंबत असतात. घरातील मंडळी कौतुकाने पाहतात. बागेची आवड असलेली व्यक्ती कुंडीत मूठभर गांडूळखत घालते, नळाचे पाणी नियमाने देते. दोन महिन्यांत जुने घट एकामागून एक वाळतात. नवी पाने येतात, ती रुंद आणि गडद हिरवीही असतात. परंतु त्यांच्या टोकाशी घट धरत नाही. पाचव्या-सहाव्या महिन्यात पानांच्या कडा करपू लागतात, मुळे काळवंडून कुजतात आणि रोप दगावते. या रोपाची हेळसांड झालेली नसते. गुलाबाची, मिरचीची, तुळशीची जशी काळजी घेतली जाते तशीच त्याची घेतली गेली, हेच त्याच्या मरणाचे कारण असते.

शोभिवंत वनस्पतींच्या बाजारात घटपर्णीचे संकरित वाण आता सहज मिळू लागले आहेत. त्यामुळे त्यांविषयीचे प्रश्न विस्तार कार्यकर्त्यांपर्यंतही पोहोचतात. काही प्रगतिशील शेतकरी शेडनेटमधील ऑर्किड वा अँथुरियमच्या जोडीला ही वनस्पती वाढविता येईल का, याची चाचपणी करतात. पीकपोषणाच्या नेहमीच्या नियमांना ही वनस्पती कोठे अपवाद ठरते, हे प्रथम समजून घेतले तर पुढील सर्व कामे सोपी होतात.

उपासमारीतून घडलेली वनस्पती

नेपेंथिस या प्रजातीत १५० हून अधिक जाती आहेत. पश्चिमेस मादागास्करपासून पूर्वेस न्यू कॅलेडोनियापर्यंत त्यांचा विस्तार असून बोर्निओ, सुमात्रा आणि फिलिपिन्स येथे सर्वाधिक विविधता आढळते. अतिवृष्टीने धुऊन निघालेली, आम्लधर्मी, नत्र व स्फुरद यांची तीव्र उणीव असलेली जमीन हे बहुतेक जातींचे वसतिस्थान होय. अशा जमिनीतून मुळांना फारसे काही मिळत नसल्याने नत्र मिळविण्याचे काम पानांकडे आले.

ज्याला सामान्यतः पान म्हटले जाते तो पसरट हिरवा भाग वस्तुतः पानाचा तळ असतो. त्याच्या टोकाशी तणावा येतो आणि तणाव्याच्या टोकाशी पात्याचे रूपांतर घटात होते. घटावर झाकण असते. ते पावसाचे पाणी आत जाऊन पाचकरस पातळ होण्यापासून बचाव करते. कीटक आत शिरताना ते मिटते, हा समज चुकीचा आहे, कारण एकदा उघडलेले झाकण पुन्हा मिटत नाही. घटाच्या मुखाशी ओठासारखी पन्हळीदार कडा असते व तिच्यावर मधुरस स्रवतो. होल्गर बोन आणि वॉल्टर फेडर्ले या संशोधकांनी २००४ मध्ये नेपेंथिस बायकॅलकॅराटा या जातीवर दाखवून दिले की, कोरड्या कडेवरून मुंग्या बिनधोक चालतात. मात्र पाऊस, दव किंवा मधुरसाने कडा ओली झाली की तिच्यावर पाण्याचा सलग पातळ थर टिकतो आणि मुंगीच्या पायांची पकड सुटते. आत पडलेल्या कीटकाचे नेपेंथेसिन या विकराच्या साहाय्याने पचन होते आणि घटाची भिंत नत्र शोषून घेते.

या रचनेचा जोपासनेशी थेट संबंध आहे. पोषणाचे मुख्य द्वार पानाच्या टोकाशी असल्याने मुळे बारीक, काळसर व नाजूक राहिली आहेत. क्षारांचा साठा सहन करण्याची त्यांची क्षमता अगदी मर्यादित आहे. शिवाय मुळांतून नत्र विपुल मिळू लागला, तर घट घडविण्याचा खर्च वनस्पती करीत नाही. शेणखत घातलेल्या कुंडीत पाने तजेलदार होऊन घट नाहीसे होतात, ते याचमुळे.

मेघालयातील घटपर्णी आणि कायदा

भारतात नेपेंथिसची एकच जाती नैसर्गिकरीत्या आढळते, ती म्हणजे नेपेंथिस खासियाना. मेघालयातील गारो, खासी व जैंतिया टेकड्यांपुरतीच ती मर्यादित आहे. गारो भाषेत तिला ‘मेमांग-कोक्सी’, म्हणजे भुताची टोपली, असे म्हणतात. दक्षिण गारो हिल्स जिल्ह्यातील बाघमारा येथे तिच्यासाठी लहानसे अभयारण्य राखलेले आहे. कोळशाच्या खाणी, झूम शेतीतील आगी आणि शोभिवंत वनस्पती म्हणून होणारी उपटणी या कारणांनी तिचे वसतिस्थान आक्रसत गेले. केरळमधील पालोड येथील जवाहरलाल नेहरू उष्णप्रदेशीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेतील संशोधकांनी २०१३ मध्ये या जातीविषयी एक लक्षणीय गोष्ट प्रकाशित केली. अतिनील प्रकाशात तिच्या घटाची कडा निळसर चमकते, आणि ही चमक झाकली असता घटात सापडणाऱ्या कीटकांची संख्या बरीच घटते. भारतीय भूमीवरील या एकमेव घटपर्णीची अशी कितीतरी वैशिष्ट्ये अजून अभ्यासली जात आहेत.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये १९९१ च्या दुरुस्तीने विनिर्दिष्ट वनस्पतींच्या संरक्षणाचे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. खासियाना ही त्या मोजक्या वनस्पतींपैकी एक होय. तिचे रोप वनातून उपटणे, बाळगणे वा विकणे यांस मनाई आहे. तिची लागवड किंवा व्यापार करावयाचा झाल्यास राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना आवश्यक असतो. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइटीस करारात ती परिशिष्ट १ मध्ये, तर प्रजातीतील जवळजवळ सर्व जाती परिशिष्ट २ मध्ये आहेत. समाजमाध्यमांवरून ‘दुर्मिळ भारतीय घटपर्णी’ या नावाने विकले जाणारे रोप अनेकदा थेट टेकडीवरून आलेले असते. ग्राहकाला त्याची कल्पना नसते; कायद्यासमोर मात्र ती सबब चालत नाही.

वनातून उपटलेले रोप ओळखणे फारसे कठीण नाही. त्याचे खोड जाड व काष्ठमय असते, जुनी पाने फाटलेली किंवा किडीने खाल्लेली असतात, मुळे उघडी असून त्यांना स्थानिक माती चिकटलेली असते, आणि एकाच विक्रेत्याकडील रोपे आकाराने एकमेकांशी जुळत नाहीत. रोपवाटिकेत वाढलेली रोपे एकसारखी असतात व त्यांची मुळे कुंडीतील माध्यमात रुजलेली असतात. खासियाना हे एक पालक असलेले संकरही क्वचित विक्रीस दिसतात. अशा रोपांची खरेदी वा अभिवृद्धी करण्यापूर्वी वन विभागाकडून लेखी खुलासा घेणे इष्ट. परदेशी विक्रेत्याकडून टपालाने रोप मागविणाऱ्यांनी आयात परवाना, वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र आणि साइटीसची कागदपत्रे यांची पूर्तता करणे अनिवार्य आहे. कागदपत्रांविना आलेले पाकीट जप्त होऊ शकते.

संकरित वाण का निवडावेत

नेपेंथिसमध्ये नर व मादी फुले वेगवेगळ्या झाडांवर येतात. ज्या जातींची गुणसूत्रे मोजली गेली, त्यांत त्यांची संख्या ८० आढळली आहे. त्यामुळे भिन्न जातींचा संकर सहज होतो आणि संकरित पिढीही बहुधा जननक्षम असते. इंग्लंडमधील विच यांच्या रोपवाटिकेत जॉन डॉमिनी याने १८६२ मध्ये पहिला मानवनिर्मित संकर सादर केला. ऑर्किडचा पहिला मानवनिर्मित संकर १८५६ मध्ये फुलविणारा माळीही हाच. पुढे काचगृहांच्या त्या काळात युरोपात संकरांची लाट आली, आणि आजच्या बाजारातील काही वाणांचा वंश तेथवर पोहोचतो.

शुद्ध जाती आपल्या मूळ स्थानाच्या हवामानाशी घट्ट बांधलेल्या असतात. सुमारे १,००० मीटरपेक्षा अधिक उंचीवरील जातींना थंड रात्र लागते, तर सखल भागातील जातींना उष्ण व दमट रात्र. दोन वेगळ्या उंचीवरील पालकांचा संकर या दोन्हींच्या मध्ये बसतो आणि तापमानातील चढउतार अधिक सोसतो. संकरज ओजामुळे तो वाढतोही जोमाने. घरच्या खिडकीत टिकाव धरण्याची खरी शक्यता म्हणूनच संकरित वाणांना आहे. नवख्याने दुर्मिळ जातीचा हव्यास धरणे म्हणजे पैसा आणि रोप दोन्ही गमावणे होय.

भारतात सर्वांत सहज उपलब्ध असलेला संकर म्हणजे व्हेंट्राटा. फिलिपिन्समधील नेपेंथिस व्हेंट्रिकोसा आणि पूर्वी नेपेंथिस अलाटा म्हणून ओळखली जाणारी जाती यांचा हा नैसर्गिक संकर. रोपवाटिकेत तो पुष्कळदा नुसत्या ‘अलाटा’ नावाने विकला जातो. सर्व संकरांत तो बहुधा सर्वाधिक सोशीक असल्याने पहिले रोप त्याचेच असावे. दुसरा परिचित वाण मिरांडा. त्याचे घट मोठे, ठिपकेदार व पट्टेदार कडेचे असतात. नेपेंथिस मॅक्सिमा आणि सारावाकमधील नेपेंथिस नॉर्थियाना यांच्या संकराचा मॅक्सिमाशी पुन्हा संकर होऊन तो निर्माण झाला, असे मानले जाते. तिसरा ब्लडी मेरी. आखूड, गडद लाल घटांचा हा वाण छोट्या जागेत चांगला दिसतो, मात्र त्याला आर्द्रता अधिक लागते.

देशाच्या किनारपट्टीवर, म्हणजे कोकण, गोवा, केरळ, ओडिशा व बंगालच्या सखल भागात, हे तिन्ही वाण सावलीत उघड्यावर वाढू शकतात. पुणे वा बंगळूरूसारख्या पठारी शहरांत व्हेंट्राटा व मिरांडा योग्य ठरतात. विदर्भ, तेलंगण आणि उत्तरेकडील मैदानी प्रदेशांत एप्रिल ते जूनमधील कोरडी उष्ण हवा हा मुख्य अडसर असून तेथे त्या तीन महिन्यांसाठी रोप घरात, उत्तर वा पूर्वेच्या खिडकीशी आणावे. उत्तर भारतातील हिवाळ्यात रात्रीचे तापमान १० अंशांखाली जाऊ लागले की रोप पुन्हा आत घ्यावे. दवहिम तर कोणत्याच वाणाला सोसवत नाही. निलगिरी, कोडाईकनाल व ईशान्येकडील मध्यम उंचीच्या भागात व्हेंट्रिकोसा आणि मॅक्सिमा यांच्या रक्ताचे संकर मैदानापेक्षा सरस घट देतात.

पाणी

घटपर्णीच्या जोपासनेतील यशापयश बव्हंशी पाण्यावर ठरते. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यातील एकूण विद्राव्य घनपदार्थांची स्वीकार्य मर्यादा प्रतिलिटर ५०० मिलिग्रॅम आहे. घटपर्णीसाठी ही मात्रा ५० च्या आत असणे उत्तम. सोशीक संकर १०० पर्यंत निभावून नेतात. म्हणजे माणसासाठी निर्दोष असलेले पाणी या रोपाला दहापट खारे ठरू शकते. मराठवाडा, गुजरात, राजस्थान येथील विंधन विहिरींच्या पाण्याचा तर प्रश्नच उद्भवत नाही. विद्राव्य घटक मोजणारे खिशात मावणारे टीडीएस मापक स्वस्तात मिळते. रोप घेण्याआधी ते घ्यावे.

पावसाचे पाणी सर्वोत्तम. एक चौरस मीटर छतावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे १०० लिटर पाणी मिळते. पाच-दहा कुंड्यांसाठी पावसाळ्यात भरलेली दोन पिंपे उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पुरतात. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी छतावरील धुळीसह वाहून जाऊ द्यावे. पिंप झाकणबंद व जाळी लावलेले असावे, अन्यथा त्यात डासांची पैदास होते. सिमेंटच्या टाकीत साठविलेल्या पावसाच्या पाण्यात चुन्याचा अंश उतरतो, तेव्हा साठवणीसाठी प्लास्टिकचे पिंपच वापरावे.

पाऊस नसलेल्या काळात आरओ यंत्रातून निघणारे शुद्ध पाणी चालते. येथे दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते. अनेक घरगुती यंत्रांत चवीसाठी खनिजे पुन्हा मिसळली जातात, त्यामुळे मापक लावल्याशिवाय त्या पाण्यावर विश्वास ठेवू नये. दुसरे असे की, यंत्राच्या बाजूच्या नळीतून वाया जाणारे पाणी बागेला देण्याची काटकसर घरोघरी केली जाते. त्या पाण्यात मूळ पाण्यातील क्षार अधिक दाट झालेले असतात. ते घटपर्णीला चुकूनही देऊ नये. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी क्षारमुक्त असल्याने गाळून वापरता येते. मात्र यंत्राची रासायनिक स्वच्छता झाल्यावर काही दिवस ते टाकून द्यावे.

पाणी वरून, कुंडीच्या तळातून निथळेपर्यंत द्यावे व निथळलेले पाणी बशीत साचू देऊ नये. सॅरासेनिया किंवा ड्रॉसेरा या इतर कीटकभक्षी वनस्पती पाण्यात उभ्या राहतात म्हणून हीही राहील, असे मानणे घातक आहे. घटपर्णीच्या मुळांना ओलावा हवा आणि हवाही हवी.

माध्यम

मातीचा वापर टाळावा. शेणखत, गांडूळखत, राख, हाडांचा चुरा यांपैकी काहीही कुंडीत जाऊ नये. लांब तंतूंचे स्फॅग्नम शेवाळ, नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि परलाइट सम प्रमाणात घेतल्यास घरगुती वापरासाठी समाधानकारक माध्यम तयार होते. चांगले स्फॅग्नम प्रामुख्याने न्यूझीलंड व चिलीहून येत असल्याने महाग पडते. खर्च वाचवायचा असेल तर त्याचे प्रमाण एक चतुर्थांशापर्यंत कमी करून पाइनच्या सालीचे तुकडे व थोडा लाकडी कोळसा मिसळावा.

नारळाचे तुकडे व कोकोपीट यांविषयी मात्र सावध असावे. किनारी भागातील या मालात सोडियम व पोटॅशियमचे क्षार पुष्कळ असतात. भाजीपाल्याच्या रोपवाटिकेत ते एकदा धुतले तरी भागते, येथे भागत नाही. तुकडे शुद्ध पाण्यात रात्रभर भिजत ठेवावेत, सकाळी पाणी निथळून त्याचे मोजमाप करावे व पुन्हा नवे पाणी घालावे. निथळलेल्या पाण्याचा आकडा घातलेल्या पाण्याच्या आकड्याच्या जवळ येईपर्यंत ही क्रिया चालू ठेवावी. त्याला चार-पाच दिवस लागू शकतात. हीच चाचणी पुढे दर महिन्याला कुंडीसाठीही करता येते. तळातून निथळलेले पाणी १५० च्या पुढे गेले, तर कुंडीतून भरपूर शुद्ध पाणी सोडून क्षार धुऊन काढावेत.

मातीच्या कुंडीच्या भिंतीत क्षार साचतात. प्लास्टिकची, तळाशी भरपूर छिद्रे असलेली किंवा टांगती कुंडी बरी. वर्ष-दीड वर्षाने माध्यम कुजू लागले की ते बदलावे, पण मुळांचा गोळा शक्यतो अखंड ठेवूनच. मुळे झटकून, धुऊन, मोकळी करून लावण्याची सवय येथे सोडावी लागते.

प्रकाश, आर्द्रता आणि घट न धरण्याची कारणे

सकाळचे दोन-तीन तास कोवळे ऊन आणि उरलेला दिवस उजळ सावली, अशी जागा आदर्श. शेडनेटखाली वाढविताना ५० टक्के सावलीची जाळी बहुतेक ठिकाणी पुरेशी होते. मध्य भारताच्या उन्हाळ्यात ७५ टक्क्यांची लागेल. नव्या पानांवर किंचित तांबूस झाक असणे हे पुरेशा प्रकाशाचे लक्षण समजावे.

घट न धरणे ही सर्वांत सामान्य तक्रार आहे आणि तिचे कारण रोपच सांगते. पाने गडद हिरवी, मोठी व लुसलुशीत असून तणाव्याचे टोक नुसतेच टोकदार राहत असेल, तर प्रकाश कमी आहे किंवा मुळांना नत्र मिळत आहे. तणाव्याच्या टोकाशी शेंगदाण्याएवढा घट येऊन तेथेच तपकिरी होऊन वाळत असेल, तर हवा कोरडी आहे. पानांची टोके व कडा करपत असतील, तर पाण्यातील क्षारांची तपासणी करावी. एकही दोष नसताना दोन-तीन महिने घट आले नाहीत, तर रोप नव्या जागेशी जुळवून घेत आहे, इतकेच समजावे. या शेवटच्या अवस्थेत घाबरून जागा बदलणे, कुंडी बदलणे, औषध फवारणे असे उपाय केले जातात आणि जुळवून घेण्याची प्रक्रिया प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरू होते.

सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास असल्यास घट नीट वाढतात. व्हेंट्राटा ५० टक्क्यांतही ते धरतो. टपालाने आलेल्या रोपावर छिद्रे पाडलेली पारदर्शक पिशवी घालावी आणि दोन-तीन आठवड्यांत छिद्रे वाढवीत नेऊन ती काढून टाकावी. कोरड्या प्रदेशात अनेक कुंड्या एकत्र ठेवणे, खाली ओल्या खड्यांचे ताट ठेवणे, सायंकाळी आसपासची जमीन भिजविणे हे साधे उपाय उपयोगी पडतात. वाऱ्याचा झोत येणारी जागा टाळावी. प्रत्येक घटाचे आयुष्य काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंतच असते. तो वरून खाली वाळत येणे नैसर्गिक आहे. वाळलेला भागच कापावा, कारण हिरव्या उरलेल्या तळात पचन चालूच असते.

कीटक भरविण्याविषयी

‘ही वनस्पती घरात ठेवल्यास डास नाहीसे होतात’, असे काही विक्रेते सांगतात. त्यात तथ्य नाही. बहुतेक जातींच्या घटांत सापडणाऱ्या भक्ष्यांत मुंग्यांचे प्रमाण सर्वाधिक असते. उलट, काही जातींच्या डासांच्या अळ्या घटातील द्रवात सुखाने वाढतात, हे आग्नेय आशियातील अभ्यासांतून नोंदले गेले आहे. डासनिर्मूलनाचे साधन म्हणून या रोपाची शिफारस करू नये.

गच्चीत किंवा शेडनेटमध्ये ठेवलेल्या रोपाला वेगळे काही भरवावे लागत नाही. मुंग्या, माश्या आपोआप येतात. बंद खोलीतील रोपाच्या एखाद्या घटात पंधरा दिवसांतून एक लहान मेलेला कीटक टाकला तरी पुरे. मटणाचा तुकडा, दूध, पनीर, भात यांमुळे घट कुजतो. मुलांना हे आवर्जून सांगावे लागते. वाहतुकीत द्रव सांडून घट रिकामा झाला असेल, तर त्यात तळाचा पाव भाग भरेल एवढे शुद्ध पाणी घालावे. एरवी घट ओतून ‘स्वच्छ’ करू नयेत.

पिठ्या ढेकूण, खवले कीड, मावा आणि फुलकिडे यांचा उपद्रव कधीकधी होतो. कीटक खाणाऱ्या वनस्पतीलाही कीड लागते, याचे अनेकांना नवल वाटते. थोड्या प्रादुर्भावात कापसाच्या बोळ्याने कीड पुसून काढणे सर्वांत सुरक्षित. फवारणी करावीच लागली, तर प्रथम एका पानावर चाचणी घ्यावी व घटांची तोंडे झाकून घ्यावीत.

अभिवृद्धी आणि रोपवाटिकेचा विचार

संकरित वाणाचे गुण जसेच्या तसे टिकवायचे तर छाट कलम हाच घरगुती मार्ग होय. देशाच्या बहुतेक भागांत मोसमी पाऊस स्थिरावल्यावर, जून-जुलैमध्ये, हवेतील आर्द्रतेचा फायदा मिळतो. वेलासारखे वाढलेले खोड छाटून दोन-तीन पेरांचे तुकडे करावेत, प्रत्येक पान निम्मे कापावे, तळाचे पेर ओल्या स्फॅग्नममध्ये गुंडाळून कुंडीत बसवावे व वर पारदर्शक आच्छादन घालावे. उजळ सावलीत दीड ते तीन महिन्यांत मुळे फुटतात. मुळे आली का, हे ओढून पाहणाऱ्याची कलमे मरतात; नवे पान उमलले की मुळे आली असे समजावे. छाटलेल्या मातृरोपाला बुंध्यातून नवे धुमारे येतात व ते अधिक डेरेदार होते.

बियांचा मार्ग निराळा आहे. बी दोऱ्यासारखे बारीक असून त्याची उगवणक्षमता लवकर घटते, आणि रोप नजरेत भरण्याएवढे होण्यास तीन ते पाच वर्षे जातात. बाजारात नावाने विकला जाणारा वाण बहुधा एकाच रोपापासून ऊतिसंवर्धनाने वाढविलेला असतो. म्हणून त्या वाणाची सर्व रोपे एकाच लिंगाची असतात आणि त्यांच्या आपापसातील संयोगातून बी मिळत नाही. नवा संकर करू इच्छिणाऱ्याला दोन भिन्न वाणांचे नर व मादी एकाच वेळी फुलावर यावे लागतात. ती वेळ साधण्यातच काही वर्षे निघून जाऊ शकतात.

व्यवसाय म्हणून पाहणाऱ्यांनी ही गती ध्यानात घ्यावी. ग्राहकवर्ग मोठ्या शहरांतील हौशी मंडळींचा आहे. तो वाढत असला तरी अँथुरियमच्या ग्राहकवर्गाशी त्याची तुलना होऊ शकत नाही. कर्ज काढून शेडनेट उभारण्यापूर्वी व्हेंट्राटा व मिरांडाची आठ-दहा मातृरोपे आणून त्यांनी स्थानिक उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असा पूर्ण वर्षभराचा फेरा कसा काढला, हे पाहावे. उन्हाळ्यात जी रोपे घट टिकवून राहिली, त्यांचीच कलमे पुढे करावीत. आधीच ऑर्किडचे शेडनेट, पावसाच्या पाण्याची साठवण आणि फवारा यंत्रणा असलेल्या शेतकऱ्याला एका मांडणीपासून सुरुवात करता येते. ऑर्किडला दिले जाणारे द्रवरूप खत मात्र त्या मांडणीवर उडू नये, यासाठी ती वेगळ्या बाजूस असावी.

विक्रीसाठी ठेवलेल्या प्रत्येक कुंडीत लेबल असावे. त्यावर संकराचे नाव, मातृरोपाचा क्रमांक आणि कलम केल्याची तारीख लिहावी. पालकांची नावे देताना मादी पालकाचे नाव आधी लिहिण्याची पद्धत आहे. मातृरोपांच्या खरेदीच्या पावत्या व कलमांची नोंदवही जपून ठेवावी; वन विभागाकडून तपासणी झाल्यास रोपे वनातून आणलेली नसून रोपवाटिकेतच तयार झाली आहेत, हे याच कागदांवरून दाखविता येते. लेबल शाईऐवजी मऊ पेन्सिलीने लिहावे. रोजच्या पाण्यात आणि दमट हवेत शाई पहिल्याच पावसाळ्यात पुसली जाते, पेन्सिलीची अक्षरे तीन-चार वर्षे वाचता येतात.